उजेडाला सरळ असलेली भिंत

नोटीस लावायला आलेल्या शिपायाने भिंतीवर कागद चिकटवला, खळ धरेपर्यंत तळव्याने दाबून ठेवला आणि सहज मान वर केली. पंचेचाळीस फुटांची ती भिंत त्याच्या अंगावर येत होती. तो चार पावलं मागे सरला आणि मैदानावर गाडी शिकवणाऱ्या बाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही रोज हिच्याखाली बसता? विमा तरी काढलाय का?"

"काढलाय की. गाड्यांचा," बाई म्हणाल्या. "भिंतीचा कशाला काढू? ती माझ्या बापाने बांधलीय."

शिपाई हसला नाही. त्याने सायकलसुद्धा भिंतीपासून लांब नेऊन मगच तिच्यावर टांग टाकली.

बाईंनी कागद वाचला. सरकारी भाषेत शब्द एकमेकांना टेकून उभे असतात, एक काढला तर बाकीचे कोसळतील असे. पण तीन शब्द स्वतःच्या पायावर उभे होते: निकृष्ट बांधकामामुळे झुकलेली. भिंत एकोणीस इंच पुढे आली आहे, पंधरा दिवसांत ती सुरक्षित असल्याचा पुरावा मिळाला नाही तर पाडण्यात येईल, असा बाकीच्याचा अर्थ.

दुपारी जेवताना तिने कागद वडिलांपुढे धरला, पण त्या तीन शब्दांवर अंगठा ठेवून. म्हाताऱ्याने चष्मा लावला, कागद वाचला आणि तिचा अंगठा बाजूला केला.

मग तो हात धुवायला उठला. पान अर्धं राहिलं होतं.

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याच्या हातातलं ते दोरीला बांधलेलं वजन, ज्याच्यावरून भिंत सरळ की कलती ते कळतं, तेच त्याचं नाव झालं होतं. आणि ते काही उगाच नव्हतं. कुणाच्या घरी गेला की चहा येण्याआधी त्याने भिंतीवरची तसबीर सरळ केलेली असे. डोळे तपासायला गेला तेव्हा डॉक्टरने विचारलं, "आजोबा, खालची ओळ वाचता येते का?" तर हा म्हणाला, "वाचता येते, पण तक्ता डावीकडे उतरलाय." त्याची बायको सांगायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या तोंडाकडे नंतर बघितलं, आधी दाराच्या चौकटीकडे. चौकट कलती होती म्हणून मी सुटणार होते, पण नशीब. दुसऱ्या दिवशी येऊन चौकट बसवून गेले."

अशा माणसाच्या हातून गावातली एकच वाकडी भिंत झाली, आणि तीच सगळ्यांत उंच.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेर जिथे आता उड्डाणपूल उतरतो, तिथे एका मालकाने गाड्यांचं थिएटर काढायचं ठरवलं. छप्पर नाही, खुर्च्या नाहीत. मोकळं मैदान, त्यावर मातीच्या आडव्या उंचवट्यांच्या रांगा. गाडीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवली की गाडी नाक वर करून उभी राही आणि आतल्या माणसाला पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसे. पडदा म्हणजे चुना आणि पांढऱ्या रंगाची भिंत. दर दोन गाड्यांमध्ये एक खांब, खांबाला दोन भोंगे, ते काचेला अडकवायचे आणि आवाज ऐकायचा. सिनेमा संपल्यावर भोंगा परत खांबाला लावायचं विसरून माणसं गाडी सुरू करत, तार तुटे, आणि भोंगा खिडकीला लोंबकळत घरापर्यंत जाई. दर सोमवारी दोन-तीन माणसं ओशाळलेल्या चेहऱ्याने भोंगा पिशवीत घालून परत आणून देत. गावातल्या बायका नवऱ्यांना विचारत, "मला तरी आणलंत ना, की नुसता भोंगा?"

आणि टाळ्या कुणी वाजवत नसे. बंद काचेआडच्या टाळ्या कुणाला ऐकू जाणार? काही आवडलं की लोक गाडीचा हॉर्न वाजवत. एकाने वाजवला की दुसरा, मग सगळं मैदान.

पण ते नंतरचं. आधी मालकाने ओळंब्याला बोलावून सांगितलं, "भिंत पुढे झुकती बांधायची. एकोणीस इंच."

"कशाला?"

"सिनेमासाठी."

"दुसरा गवंडी बघा," ओळंबा म्हणाला आणि थापी पिशवीत टाकून निघाला. पस्तिशीचा होता. घरात बायको, दोन वर्षांची पोर, आणि हातात दुसरं काम नव्हतं. तरी निघाला.

त्याला थांबवलं ते सिनेमाचं यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने. तो बारीक, सतत खोकणारा माणूस होता. त्याने ओळंब्याला सिमेंटच्या गोदामात नेलं, दारं लावून अंधार केला, पुठ्ठ्यात एक चौकोन कापला आणि त्याच्यामागे बॅटरी धरून जमिनीलगत बसला. उजेड खालून वर, तिरपा, गोदामाच्या भिंतीवर पडला.

"हा चौकोन आहे का?"

ओळंब्याने पाहिलं. वरची बाजू पसरलेली, खालची आखडलेली. "नाही. टोपली आहे."

"यंत्राची खोली जमिनीवर असणार, पडदा उंच. उजेड असाच तिरपा चढणार. भिंत सरळ बांधलीस तर पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचं कपाळ भोपळ्याएवढं. नट कितीही रडला तरी लोक हसणार." मग त्याने एक रुंद फळी भिंतीपुढे उभी करायला लावली. "आता हिचं वरचं टोक माझ्याकडे झुकव. अजून. अजून थोडं. थांब."

ओळंब्याने पिशवीतून गुण्या काढला, काटकोन तपासायचा तो लोखंडी कोपरा, आणि फळीवरच्या उजेडाच्या कोपऱ्याला लावला. चारही कोपऱ्यांना एकेक करून लावला. उजेडाची कड गुण्याच्या कडेला चिकटून बसली. आजवर त्याने प्रत्येक गोष्ट जमिनीच्या ओढीवर मोजली होती. सरळ म्हणजे वजन जिकडे जातं तिकडे. सरळपणा दुसऱ्याही कुणाच्या बाजूने असू शकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ही भिंत उजेडाला सरळ आहे," तो म्हणाला.

"आता कसं बोललास," ऑपरेटर म्हणाला आणि खोकायला लागला.

मग त्याने ती बांधली. सुताराकडून एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळती अशी फळी करून घेतली. तिची एक कड विटांना लावायची आणि दुसऱ्या कडेवर ओळंबा सोडायचा. दोरी कडेला समांतर दिसली की भिंत हवी तेवढीच कलती. पाया मागच्या बाजूला सोळा फूट लांबवला, त्यावर दगडांचं ओझं भरलं, पाठीला सात जाड खांब दिले. दुसरे गवंडी जाता-येता परांचीखाली थांबत. "काय ओळंबा, काल जरा जास्त झाली होती का?" एकाने तर टेकू म्हणून बांबू आणून दिला. ओळंबा कुणाला समजावत बसला नाही. त्याला वाटलं, भिंत उभी राहिली की विषय संपेल. पण माणसं भिंतीला डोळ्यांनी मोजतात आणि डोळा जमिनीच्या बाजूचा असतो. पुढची सगळी वर्षं हमरस्त्याने जाणारा प्रत्येक नवा माणूस एकच प्रश्न विचारत आला: ही वाकडी कुणी बांधली?

थिएटर सतरा वर्षं चाललं. ओळंब्याला मालकाने कायमचा पास दिला होता. गाडी नव्हती, म्हणून नवरा-बायको यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत, पोर लहान होती तोवर मांडीवर. त्या सतरा वर्षांत ओळंब्याने एकही सिनेमा पाहिला नाही. त्याने चार कोपरे पाहिले. एकदा पोर तापाने फणफणली म्हणून बायको सिनेमा अर्धा टाकून घरी गेली. त्या सिनेमातली नायिका कायम छत्री घेऊन हिंडायची आणि नवऱ्याला सोडून निघाली होती. नंतर बायकोने विचारलं, "अहो, ती छत्रीवाली शेवटी परत येते का?" ओळंबा म्हणाला, "डावा वरचा कोपरा जरा अंधुक होता. रंग द्यायला हवा." तो सिनेमा पुन्हा आला नाही. बायको मात्र तो प्रश्न अधूनमधून त्याच्यावर सोडत राहिली.

मग हमरस्ता रुंद झाला, त्यावर उंच दिवे आले, आणि त्यांचा पिवळा उजेड पडद्यावर सांडायला लागला. आधी चित्रातल्या सावल्या गेल्या, मग चेहरे. कुणी बंद पाडलं म्हणायला एक माणूसही हाताशी नव्हता. उजेडावर चाललेली गोष्ट जास्त उजेडाने मेली. ऑपरेटर त्याच वर्षी गेला. मालकाच्या मुलांनी यंत्र विकलं, भोंगे विकले, खांब उपटले. उंचवटे आणि भिंत यांना गिऱ्हाईक मिळालं नाही.

पुढे पोरीने तिथेच गाडी शिकवायचा धंदा टाकला. चढावर गाडी मागे सरकू न देता कशी उचलायची, हे शिकवायला अशा उंचवट्यांच्या रांगा दुसऱ्या कुठल्या शाळेकडे असणार? आणि दुपारनंतर भिंतीची सावली.

नोटिशीच्या चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या इंजिनियरबाई आल्या. तिशीच्या आतल्या, पायात धुळीचे बूट, हातात मोजायचं यंत्र. ओळंबा भिंतीच्या पायाशी खुर्ची टाकून बसला होता. शहात्तरीचा झाला होता, गुडघे कामातून गेले होते.

"आजोबा, खुर्ची जरा लांब घ्या. माझ्यावर येईल."

"ती पडली तर तुझ्यावर येणार नाही पोरी, माझ्यावर येईल. माझंच काम आहे ते."

तिने यंत्र लावलं, पाहिलं. "एकोणीस इंच. यंत्र खोटं बोलत नाही."

"खरंच बोलतंय. मीच ठेवलेत एकोणीस. मोजून." त्याने तिला उजेडाची सगळी गोष्ट सांगितली.

ती मान हलवत ऐकत होती. "पटतं. नकाशा आहे?"

"होता. मालकाच्या कचेरीत. वाळवीने वाचला."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "आज एकोणीस आहेत, हे मला दिसतंय. तुम्ही बांधली तेव्हा किती होते, हे मला कोण सांगणार? समजा दहा होते. म्हणजे नऊ इंच ती सरकली. तो पूल बांधताना दोन वर्षं जमिनीत घणाचे ठोके बसत होते. हिच्याखाली रोज माणसं उभी असतात, आजोबा."

ओळंब्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या जागी तो असता तर त्याने हेच विचारलं असतं.

"खाली एक खिळा आहे," तो म्हणाला.

भिंत पुरी झाली त्या दिवशी त्याने वरच्या कडेच्या मधोमध बसवलेल्या लोखंडी आकड्यातून खालपर्यंत दोरी सोडली होती, तीन किलोच्या वजनाची. ते जिथे टेकलं तिथे पायाला जोडून नव्याने ओतलेल्या ओल्या काँक्रीटमध्ये पितळी खिळा ठोकला आणि शेजारी तारीख कोरली. दर वर्षी भिंतीला रंग लागताना तो दोरी सोडून बघत असे. सतरा वेळा वजन खिळ्याच्या डोक्यावर उतरलं होतं. थिएटर बंद झालं, रंग थांबला, आणि खिळा दोन फूट मुरमाखाली गेला.

"म्हणजे चोवीस वर्षं बघितलंच नाही?"

"नाही."

"मग तुम्हालाही माहीत नाही."

"नाही," ओळंबा म्हणाला. "रविवारी सकाळी या. वारा उठायच्या आत. तुमच्यासमोरच खणू. हललेली निघाली तर पहिला घण मी घालतो."

घरी आल्यावर पोरीचा धीर सुटला. "बाबा, असं लिहून दिल्यासारखं कशाला बोललात? थोडी जरी सरकली असेल तर? माझी शाळा..."

"थोडी सरकली असेल तर तुझ्या शाळेतली माणसं तिच्याखाली नकोत," तो म्हणाला. मग हळूच, "निकृष्ट म्हणालेत ते, माझ्या भिंतीला. माझ्याकडे बघून म्हणाले असते तर सोडून दिलं असतं."

बायको स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, वाकून दार अडवायला ठेवलेलं लोखंडी वजन उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. टोकाला पोलादी अणी असलेलं, भोवऱ्यासारखं. चोवीस वर्षं ते दार धरून होतं. "घ्या," ती म्हणाली. "आता दार आपटेल, त्याला माझा इलाज नाही."

रविवारपर्यंत तो रोज भिंतीसमोर बसून राहिला. तिच्याकडे नुसतं बघून काही कळणार नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी बघत होता. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांना हसला होता, आणि आता त्याच्याकडेही डोळ्यांशिवाय काही नव्हतं. कधी वाटे, जशीच्या तशी आहे. कधी वाटे, वरची कड ढगांवरून पुढे सरकतेय. ढगच सरकत होते. पण भीतीला ते सांगून उपयोग नसतो.

रविवारी सकाळी सात वाजता शिकाऊ माणसं नेहमीसारखी आली होती. आज धडा नाही म्हटल्यावर परत जायचं सोडून त्यांनी आठ गाड्या उंचवट्यांवर चढवल्या आणि आत बसून राहिली. आठ नाकं वर, भिंतीकडे. ओळंब्याची बायको पोरीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाकावरून गाडीत आले."

दोन मजुरांनी मुरूम खणला. दीड फुटाखाली तो इतका घट्ट झाला होता की कुदळ वाजत होती. इंजिनियरबाई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसून थरांचे फोटो काढत होत्या. मग काँक्रीट लागलं. पोरीने फडक्याने पुसलं. आधी तारीख दिसली, मग हिरवट पडलेला पितळी खिळा.

पोरगी मागच्या लोखंडी शिडीने वर चढली, दोरी आकड्यात अडकवली आणि वजन हळूहळू सोडलं. ते फिरत, डुलत, खाली आलं. खड्ड्यात उतरलं. डुलणं कमी झालं, मग थांबलं.

अणी खिळ्यापासून दोन बोटं पुढे होती.

मजुराने कुदळ खाली ठेवली. ओळंबा खड्ड्याच्या काठाला गुडघे टेकून बसला होता. दोन बोटं. म्हणजे भिंत सरकली होती, अजून सरकत असणार, आणि तो कागद खरा होता. त्याने हात टेकून उठायचा प्रयत्न केला. "घण आणा," तो म्हणाला.

मग तो तसाच थांबला. त्याने पुन्हा वाकून पाहिलं. दोरी पुढे होती, आणि किंचित डावीकडेही. भिंत पुढे येईल, पण बाजूला कशी जाईल?

त्याने मान वर केली आणि या वयात कुठून आणला देव जाणे, असा आवाज काढला. "अगं, दोरी कशात अडकवलीस?"

"आकड्यात!" वरून उत्तर आलं.

"आकड्यात कुठे?"

"टोकाला! अजून कुठे अडकवणार?"

"खाचेत! आकड्याच्या पोटात कानशीने खाच पाडलीय मी! दोरी खाचेत बसवायची!"

"इथे खाचबिच काही नाही, बाबा! नुसता रंग आहे!"

ओळंबा इंजिनियरबाईंकडे वळला. "तुम्ही चढा. तिने केलं तर उद्या म्हणाल, बापलेकीने मिळून केलं."

इंजिनियरबाईंनी यंत्र पोरीच्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि शिडी धरली. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. वर गेल्यावर त्या आकड्यावर वाकल्या. किल्लीने खरवडल्याचा आवाज खालपर्यंत आला. जुन्या रंगाचे पापुद्रे खाली येत होते. मग आवाज थांबला.

"आहे," त्या म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण वारा नव्हता, सगळ्यांना ऐकू गेलं. "खाच आहे."

दोरी उचलली गेली, पुन्हा सोडली गेली. वजन फिरलं, डुललं, खड्ड्याच्या एका बाजूला गेलं, परत आलं, छोटे छोटे फेरे घेत लहान होत गेलं. अणी खिळ्याभोवती घिरट्या घालून थांबली.

खिळ्याच्या डोक्यावर. पितळेत पहिल्या दिवशी पडलेला बारीक खड्डा होता, त्याच्या बरोबर मधोमध.

इंजिनियरबाई खाली उतरल्या, खड्ड्यात उतरल्या, गालाला माती लागेपर्यंत वाकून बघितलं. पट्टी लावली. दुसऱ्या बाजूने लावली. मग तिथेच बसून वर बघत म्हणाल्या, "केसाएवढीही नाही, आजोबा."

"केस कुणाचा ते विचारायला हवं," ओळंबा म्हणाला. "माझे आता फार पातळ झालेत."

तेव्हा मागच्या रांगेतल्या एका गाडीने हॉर्न दिला. गाडी शिकायला आलेल्या त्या माणसाला इथली जुनी रीत माहीत असणं शक्य नव्हतं. बहुधा आनंदाच्या भरात हात पडला असेल. पण पोरीने भिंतीच्या माथ्यावरून ओरडून सांगितलं, "वाजवा! सगळे वाजवा!" आणि आठही गाड्या वाजायला लागल्या. ओळंब्याच्या बायकोने शेजारच्या सीटवर वाकून दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला आणि सोडेचना. पुलावरून जाणाऱ्या एका ट्रकने काही न कळता उत्तर दिलं, मग दुसऱ्याने. चोवीस वर्षं मुकं पडलेलं मैदान असं गर्जत होतं, आणि त्या सगळ्या आवाजापुढे ती भिंत जशी होती तशी, एकोणीस इंच पुढे झुकून, ऐकत असल्यासारखी उभी होती.

इंजिनियरबाईंनी बॉनेटवर कागद ठेवून लिहायला घेतलं. 'निकृष्ट बांधकामामुळे झुकलेली' यावर काट मारली आणि वर लिहिलं: 'बांधतानाच झुकवलेली. एक्केचाळीस वर्षांत हललेली नाही.' मग विचारलं, "कारण काय लिहू?"

"लिहा, उजेडाला सरळ आहे."

त्यांनी क्षणभर पेन थांबवला. मग तसंच लिहिलं, सही केली. "दर वर्षी येऊन दोरी सोडत जाईन मी. खड्डा बुजवू नका, झाकण करा."

"झाकण सरळ बसवणारा माणूस बघा," ओळंबा म्हणाला.

लोक पांगायला लागल्यावर त्याला गाडीत बायकोशेजारी बसवलं. गाडी अजून उंचवट्यावर होती, नाक वर. समोरच्या काचेत भिंत मावत होती, चारही कोपऱ्यांसकट. त्याने आधी वरचा डावा पाहिला, मग उजवा, मग खालचे दोन. वजन त्याच्या पायाशी होतं, मातीने माखलेलं.

"अहो," बायको म्हणाली, "आता तरी सांगा. ती छत्रीवाली शेवटी परत येते का?"

ओळंब्याने बराच विचार केला.

"उजव्या कडेपर्यंत आली होती," तो म्हणाला. "कड एकदम सरळ होती."

बायकोने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा एकदा हॉर्न वाजवला.